राजीखुशीने, अक्कलहुशारीने

जगात सगळ्यात जास्त खपणारं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं वाङ्मय कोणतं, असा प्रश्न एखाद्या परिसंवादात निघाला तर पुष्कळ नावं पुढे येतील. कोणी अध्यक्षीय भाषणांचं नाव घेईल, कोणी गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचं. पण स्मरणिकेत निदान स्वतःच्या दुकानाच्या जाहिरातीचं पान तरी माणूस उघडून बघतो. औषधाच्या खोक्यातली ती सात घड्यांची चिठ्ठीसुद्धा एखादा आजारभित्रा गृहस्थ भिंग लावून वाचतो आणि त्यातले निम्मे दुष्परिणाम संध्याकाळपर्यंत स्वतःला जाणवून घेतो. माझ्या मते हा मान निर्विवादपणे सॉफ्टवेअरच्या करारनाम्याचा आहे. काँप्युटरवर किंवा मोबाइलवर काही नवं घातलं की पडद्यावर जे लांबच लांब इंग्रजी उमटतं आणि ज्याच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ असं बटण असतं, तेच हे वाङ्मय. मंगलाष्टकं टाळून नेमका पंगतीच्या वेळेला पोचणारा पाहुणा असतो ना, तसे आपण मधला सगळा मजकूर ओलांडून थेट बटणापाशी उतरतो.

एवढ्या खपाच्या वाङ्मयाची मराठीत समीक्षा नसावी, हे काही बरं नाही. आपल्याकडे पाच प्रती खपलेल्या कवितासंग्रहावर सात परीक्षणं येतात. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

या वाङ्मयप्रकारात पात्रं दोनच. एक ‘आम्ही’ आणि एक ‘तुम्ही’. ‘आम्ही’कडे सगळे हक्क आणि ‘तुम्ही’कडे सगळ्या जबाबदाऱ्या. जुन्या मराठी चित्रपटातल्या सावकार-कुळाची जोडी आठवावी, फक्त इथे कुळाला शेवटच्या रिळात सूड घ्यायची सोय नाही. कथानक असं की ‘तुम्ही’ने दुकानात रोख पैसे मोजलेले असतात आणि वस्तू आपली झाली अशा समजुतीत तो घरी येतो. मग पहिल्याच पानावर त्याला कळतं की वस्तू आपली झालेली नाही. डबडं आपलं, आतला प्राण कंपनीचा. आपल्याला मिळालं आहे ते फक्त लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहिलेल्यांना हे पटकन समजेल. त्यातलं ‘लायसन्स’ ते हेच.

शैलीबद्दल सांगायचं तर मधेच एखादा परिच्छेद सगळाच्या सगळा मोठ्या कॅपिटल अक्षरांत येतो. नवखा वाचक दचकतो. कोणीतरी ओरडतंय असं वाटतं, आणि ते ओरडणंच असतं. मालाच्या हमीतून अंग काढून घ्यायचं असेल तर ते नजरेत भरेल असं लिहावं, असा अमेरिकी व्यापारी कायद्याचा दंडक आहे. म्हणून कंपनी ओरडून सांगते की माल जसा आहे तसा आहे, आम्ही कसलीच हमी देत नाही. मंडईतला वांगीवाला निदान हे हळू आवाजात तरी सांगतो.

विनोदाचीही वाण नाही. ॲपल कंपनीच्या आयट्यून्सच्या, म्हणजे मुख्यतः गाणी ऐकायच्या सॉफ्टवेअरच्या करारनाम्यात एक अट अशी होती, की याचा उपयोग अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं किंवा रासायनिक अस्त्रं बनवण्यासाठी करू नये. गाणी ऐकता ऐकता माणूस अणुबाँबकडे कसा वळेल हे मला कळत नाही. शेजारचा मुलगा रात्री बारा वाजता ज्या आवाजात गाणी लावतो, तो आवाज ऐकला की मात्र या कलमाचं मर्म थोडंसं ध्यानात येतं. याच कंपनीने २००८ साली आपला सफारी हा ब्राउझर विंडोजवाल्यांसाठी दिला. त्याचा करारनामा सांगत होता, की हा फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या काँप्युटरवरच घालावा. म्हणजे ज्यांच्यासाठी तो काढला त्यांनीच तो वापरायचा नाही! पुढे ते दुरुस्त झालं. पण यावरून एक सिद्ध होतं. हे वाङ्मय वाचक वाचत नाहीत, ही अर्धीच गोष्ट. प्रकाशकही वाचत नाहीत.

आता कोणी म्हणेल, वाचत नाही हा दोष वाचकाचा. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २०१६ साली याची परीक्षाच घेतली. साधारण माणसाच्या फोनमध्ये असावीत अशी ३३ ॲप्स निवडली आणि त्यांच्या अटी मोठ्याने वाचायला माणसं बसवली. वाचन संपायला जवळजवळ ३२ तास लागले. बायबलच्या नव्या करारापेक्षा हा मजकूर मोठा भरला. आपल्याकडे गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत करतात, पण पोथीला शेवटी फलश्रुती तरी असते. श्रद्धेने वाचणाऱ्याला काय काय मिळेल ते सांगून ठेवलेलं असतं. इथे ३२ तास बसून मिळायचं काय? एकदा मात्र मिळालं होतं. पीसी पिटस्टॉप नावाच्या अमेरिकी कंपनीने २००५ साली आपल्या करारनाम्याच्या पोटात एक ओळ घालून ठेवली, की जो कोणी इथवर वाचेल त्याने या पत्त्यावर कळवावं, बक्षीस मिळेल. चार महिने गेले, ३००० च्या वर लोकांनी ते सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तेव्हा कुठे एकाचं पत्र आलं. त्याला १००० डॉलर मिळाले. या वाङ्मयप्रकारातली नोंदलेली फलश्रुती माझ्या माहितीत एवढीच.

इथपर्यंतचे दोष सहन करण्याजोगे आहेत. कंटाळवाणी पुस्तकं मराठी वाचकाला नवी नाहीत. माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती आवृत्तीची आहे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर लेखक प्रस्तावनेत सांगतो, काय बदललं, काय गाळलं. मुख्य म्हणजे दुसरी आवृत्ती निघाली म्हणून माझ्या कपाटातली पहिली आवृत्ती रात्रीतून बदलत नाही. इथे बदलते. सॉफ्टवेअरला वरचेवर अपडेट येतो. त्यात कधी नवी सोय असते, कधी आधीच्या चुकीची दुरुस्ती, आणि कित्येकदा चोर आत शिरेल असं भोक सापडलेलं असतं ते बुजवलेलं असतं. ते घातलं नाही तर यंत्र धोक्यात. म्हणून जाणकार कानीकपाळी ओरडत असतात, अपडेट करा, आजच करा. आपण करायला जातो, तर दारात नवा करारनामा उभा! आधी मला मान्य म्हणा, मग भोक बुजवतो.

भाड्याच्या घराची उपमा द्यायची तर असं बघा. घराचा नळ गळतोय. नळ मालकानेच बसवलेला, गळतोय तो त्याच्याच चुकीने. तुम्ही निरोप धाडता. प्लंबर येतो, पिशवीतून पाना काढायच्या आधी चाळीस पानांचा कागद काढतो आणि म्हणतो, ‘‘मालकांनी दिलाय. आधी सही करा, मग वायसर बदलतो.’’ तुम्ही विचारता, यात आहे काय? तो म्हणतो, ‘‘ते मला काय माहीत? मी नळवाला!’’ तिकडे पाणी गळतंय, बादली भरत आलीय, खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून हाका मारतायत. तुम्ही सही करता. आणि महिनाभराने कळतं, की त्या कागदान्वये गच्ची आता तुम्हाला वापरता येणार नाही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर काही प्रसिद्ध आवृत्त्यांचा परिचय करून देतो. २००२ सालच्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मीडिया प्लेयरमधली सुरक्षेची भोकं बुजवायला ठिगळ पाठवलं. सोबतच्या करारनाम्यात म्हटलं होतं, की कुलूपबंद गाण्या-चित्रपटांच्या रक्षणासाठी कंपनी यापुढे तुमच्या यंत्रात आपोआप काही गोष्टी उतरवू शकेल, आणि त्यामुळे ती गाणी वाजवणं किंवा उतरवून घेणंच नव्हे, तर दुसरं काही सॉफ्टवेअर वापरणंही कदाचित बंद पडेल. म्हणजे भोक बुजवायला आलेल्या गवंड्याने आपल्यासाठी नवी किल्ली करून नेली.

जावा नावाची एक चीज असंख्य कचेऱ्यांच्या काँप्युटरांत असते. १६ एप्रिल २०१९ ला ओरॅकल कंपनीने तिच्या आठव्या आवृत्तीचा अपडेट काढला, तो नव्या लायसन्ससह. आदल्या दिवशीपर्यंत कचेरीतल्या सर्वसाधारण कामाला ती फुकट होती. नव्या लायसन्सप्रमाणे घरगुती वापर फुकट राहिला, पण धंद्याच्या कामाला पैसे पडू लागले. वस्तू तीच, नाव तेच. ज्या कारकुनाने नेहमीच्या सवयीने ‘पुढे चला’ दाबलं, त्याने आपल्या साहेबाच्या वतीने एक खर्चाची बाब मंजूर केली. सरकारी खात्यात पेन्सिलींच्या खरेदीलासुद्धा तीन दरपत्रकं मागवतात, हो!

पण या प्रकारातलं अभिजात उदाहरण १ एप्रिल २०१० चं. सोनी कंपनीचं प्लेस्टेशन तीन हे खेळायचं यंत्र. त्यावर वाटल्यास लिनक्स घालून त्याचा साधा काँप्युटर करता येईल, अशी सोय कंपनीनेच दिली होती. त्या तारखेच्या अपडेटने ही सोय काढून घेतली. कारण सांगितलं सुरक्षेचं. अपडेट घेतला तर लिनक्स गेलं. न घ्यावा तर दुसऱ्यांशी तारेवरून खेळणं गेलं. हात हवा की पाय हवा, एवढंच ग्राहकाने निवडायचं. आणि असं काही घडू शकेल हे करारनाम्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं. गंमत अशी की अमेरिकेच्या हवाई दलाने याच जातीची १७६० यंत्रं एकमेकांना जोडून एक महासंगणक उभा केला होता. ग्राहक कोर्टात गेले. खटला चालला, चालला, आणि २०१८ साली ३७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली.

योगायोग बघा. त्याच दिवशी, १ एप्रिल २०१० ला, इंग्लंडातल्या गेमस्टेशन नावाच्या दुकानाने गंमत म्हणून आपल्या अटींत एक कलम घातलं, की या खरेदीबरोबर ग्राहकाचा अमर आत्मा आमच्या मालकीचा होईल. ज्याला नको असेल त्याने बाजूच्या चौकोनात खूण करावी, म्हणजे त्याला पाच पौंडांचं कूपन मिळेल. सुमारे ७५०० गिऱ्हाइकांनी आत्मा देऊन टाकला. दुकानदाराने पुढे जाहीर केलं, की आम्ही कोणाचाही आत्मा वसूल करणार नाही. एकाच दिवसाचे दोन करार. ज्याने थट्टेने आत्मा घेतला त्याने तो सोडून दिला. ज्याने गंभीरपणे लिनक्स घेतलं त्याने ते ठेवून घेतलं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सब-रजिस्ट्रार राहतात. तीस वर्षं दस्त नोंदण्यात गेली. वाचल्याशिवाय सही म्हणजे त्यांना देवाला न दाखवता खाल्लेला नैवेद्य. त्यांच्या मुलीने त्यांना वाढदिवसाला नवा टीव्ही दिला. आठ महिने तो बिनतक्रार चालला. मग एका संध्याकाळी त्याने स्वतःच अपडेट घेतला आणि पडद्यावर नव्या अटी लावून बसला. खाली बटण एकच : मान्य. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला घेतलं. दोन दिवस वाचत होते. दोन दिवस टीव्ही बंद. तिसऱ्या दिवशी साहेब आंघोळीला गेलेले असताना काकूंनी रिमोट उचलला आणि बटण दाबलं. त्यांची मालिका लग्नावर आली होती.

त्या दिवशी साहेब माझ्याकडे आले ते हादरलेले.

‘‘अहो, दस्त झाला की हो!’’

‘‘कोणता दस्त?’’

‘‘टीव्हीचा. पण लिहून देणार कोण? मी तर आंघोळीला होतो. ओळख पटवायला साक्षीदार नाही, पानोपानी सही नाही. आमच्याकडे एक शब्द खोडला तरी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायचो आम्ही. नोंदलेल्या दस्तात नाव चुकलं तर चूकदुरुस्तीचा दस्त, त्यालाही दोघं हजर. आणि इथे एकटा लिहून घेणारच सगळा दस्त पुन्हा लिहितो?’’

‘‘पण साहेब, काकूंनी मान्य केलं ना?’’

‘‘अहो, दस्ताच्या शेवटी काय लिहितात? राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. मालिका अडवून ठेवली तर राजीखुशी कुठली? आणि दीडशे कलमं न वाचता अक्कलहुशारी कसली?’’

मग ते थोडे थांबले आणि हळूच म्हणाले, ‘‘मीसुद्धा अठ्ठ्याहत्तराव्या कलमापर्यंतच पोचलो होतो.’’

साहेबांचं म्हणणं मला काही जुन्या माणसाचं खूळ वाटत नाही. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे : दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तर ती संमती. आता काकूंनी होकार दिला तो लग्नाच्या भागाला. कंपनीने घेतला तो दीडशे कलमांना. गोष्ट एक नाही, अर्थ एक नाही. दीडशे वर्षांपूर्वी, टीव्ही तर सोडाच, घरात विजेचा दिवा नव्हता तेव्हा लिहिलेली ही ओळ आमच्या साहेबांच्या दिवाणखान्यात मात्र चपखल बसते.

आणि हे दुःख आपल्या एका सोसायटीचं नाही. अमेरिकेत २०२४ साली रोकू कंपनीने लोकांच्या चालत्या टीव्हीवर अशाच नव्या अटी लावल्या. तंटा झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, हे त्यातलं मुख्य. मान्य म्हणेपर्यंत टीव्ही पुढे सरकेना. ज्याला लवादाची अट नको असेल त्याने तीस दिवसांच्या आत कंपनीच्या वकिलाला टपालाने पत्र पाठवावं, अशी वाट ठेवली होती. होय म्हणायला अंगठ्याचा एक दाब आणि नाही म्हणायला पाकीट, तिकीट, पत्ता आणि टपालपेटी!

आपल्याकडे तर घरोघरी अनुभव आहे. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने आपल्या अटी आणि खाजगी माहितीचं धोरण बदललं आणि सांगितलं, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. ओरड झाली, मुदत १५ मेपर्यंत गेली. त्या दिवसांत घराघरांतून बंडाचं वारं होतं. आमच्या मावशीने कुटुंबाच्या ग्रुपवर पत्रक काढलं, की उद्यापासून सर्वांनी सिग्नलवर यावं. सगळे गेले. तिथे चार दिवस एकमेकांना ‘पोचलो’ म्हणून कळवलं. पण दूधवाला, शाळेचा वर्ग, सोसायटीचं पाण्याचं वेळापत्रक आणि भाचीच्या बाळाचे फोटो मागेच राहिले होते. आठवड्याने मावशीच परत आली आणि तिने ‘शुभ सकाळ’ टाकली. ज्याला आपण ‘पटलं नाही तर सोडून द्या’ म्हणतो त्यातलं ‘सोडून द्या’ किती खरं असतं, ते त्या सकाळी मला कळलं. हा बदल घ्या नाहीतर जा अशा थाटाचा होता, असं म्हणून स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि प्रकरण मग अपिलात गेलं.

समीक्षकाने दुसरी बाजूही मांडावी. अटी कधीच बदलू नयेत असं म्हणता येणार नाही. कायदे बदलतात. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा माहितीसंरक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हा झाडून साऱ्या कंपन्यांना नवे कागद काढावे लागले, आणि त्यांतले काही आपल्या भल्याचेच होते. शिवाय हे सगळं सभ्यपणेही करता येतं. जीएनयूचं जनरल पब्लिक लायसन्स बघा. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. पण तिसरी निघाली म्हणून दुसरीखाली घेतलेली वस्तू कोणाच्या हातून गेली नाही. लिनक्सचा गाभा त्यानंतरही दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. कित्येक प्रोग्रॅमांवर तर लिहिलेलं असतं, ही आवृत्ती किंवा नंतरची कोणतीही, घेणाराच्या मर्जीप्रमाणे. घेणाराच्या मर्जीप्रमाणे! साहेबांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘हा लिहिणारा माणूस चांगल्या घरचा दिसतो.’’

तेव्हा या वाङ्मयाच्या प्रकाशकांना माझ्या सूचना तीनच आहेत. दुरुस्ती आणि करारनामा यांची गाठ मारू नये. भोक तुमच्या हातून राहिलं, ते बुजवणं तुमचं देणं आहे. त्याचा मोबदला म्हणून आमच्याकडून नवी सही मागू नये. दुसरं, बदल केलाच तर पुस्तकाला जोडतात तसं एका पानाचं शुद्धिपत्र जोडावं : पूर्वी असं होतं, आता असं आहे. आणि तिसरं, ‘नाही’ असं एक बटण द्यावं, जे दाबलं तर वस्तू काल होती तशी आज राहील. नाहीतर होईल काय, लोक अपडेटालाच भिऊ लागतील. नळवाला दिसला की दार लावून घेतील. गळका नळ तसाच राहील आणि पाणी खालच्या मजल्यावर जाईल. खालच्या मजल्यावर, मंडळी, कोणीतरी राहतच असतं.

शेवटी रिवाजाप्रमाणे अभिप्राय. मुखपृष्ठ : नाही. मुद्रण : बारीक, अधूनमधून ओरडणारं. भाषा : वकिली. आशय : दर खेपेला निराळा. पुस्तक संग्राह्य आहे असं म्हणायची पद्धत आहे, पण हे संग्रही ठेवता येत नाही. उद्या उघडाल तर दुसरंच निघेल. किंमत : छापलेली नाही.